माळ्याच्या बोटांना सुट्टी

“घरी मातीत काम कोण करतं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

माळ्याने नकळत दोन्ही हात पाठीमागे नेले. चाळीस वर्षं रोपं वाढवलेले हात ते. नखांतली माती साबणाला कसली दाद देतेय!

“मीच. रोपवाटिका आहे माझी. पण बाई, फूल सोडा, एक पानसुद्धा इथे इस्पितळात आणलं नाही. तुम्ही नको म्हणालात, त्या दिवसापासून.”

“आणि चिंगीचे कपडे?”

“ते तर मी स्वतः धुतो. उकळत्या पाण्यात. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.” माळ्याचा चेहरा जरा उजळला. “कडक उन्हात वाळवतो.”

“उन्हात कुठे?”

“पालापाचोळ्याच्या खताशेजारी,” तो म्हणाला. दोरी त्याने मुद्दाम तिथे बांधली होती. दिवसभराचं ऊन तिथेच पडायचं, म्हणून. रोज सकाळी तो फावड्याने ढीग उलथायचा, उबदार वाफ वर यायची आणि वर दोरीवर लेकीचे इस्पितळात घालायचे झगे डुलत असायचे.

“कुजक्या पाल्यात बुरशी असते, काका,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “वाऱ्याने उडते. तुम्हाआम्हाला ती काही करत नाही. पण चिंगीला रक्ताचा कर्करोग. औषधांनी पांढऱ्या पेशी खाली आल्यात, त्यात तिची प्रतिकारशक्ती जन्मापासूनच अधू. बुरशी फुप्फुसात उतरलीय. कपड्यांतूनच आली, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण आता शंकेलाही जागा नको.”

“जन्मापासून म्हणजे... आमच्याकडून?”

“अर्धी खोट तुमच्याकडून, अर्धी तिच्या आईकडून. तुम्हा दोघांना कसं कळणार होतं?”

चिंगीची आई जाऊन पाच वर्षं झाली होती. लहानपणी पोर सारखी तापायची, कान फुटायचा, खोकला महिना महिना हटायचा नाही. आई म्हणायची, ‘रोप नाजूक आहे, जपलं की जोम धरील.’ जपता जपता वीस वर्षं झाली. माळी जिन्यात बसला. बी आपलं, आणि कीडही आपणच नेऊन घातली, एवढंच त्याच्या मनात फिरत राहिलं.

मग उठून त्याने थोरल्या बहिणीला फोन लावला.

“अक्के, रोपवाटिका तू सांभाळ.”

“किती दिवस?”

“पोर अंग धरेपर्यंत.”

“वेड लागलंय का तुला? मासा म्हणे पाणी सोडतो!”

“सोडलं म्हण.”

अक्का म्हणाली, “झारी कुठे ठेवलीयस तेवढं सांग.”

इस्पितळाच्या मागे त्याने एक खोली घेतली. खाली फरशी, वर सिमेंटची गच्ची, औषधाला हिरवं पान नाही. नवे कपडे, नवी दोरी, तीही बंद खिडकीच्या आत. रोज ब्रश घेऊन तो नखं घासायचा. दहा दिवसांनी माती गेली. चिंगीचा ताप मात्र हटेना.

सोळाव्या दिवशी सिस्टरने चिंगीच्या खोलीच्या काचेपलीकडून अंगठा वर केला. “काका, आज ताप अठ्ठ्याण्णव! बोला लेकीशी.”

चिंगीने फोन कानाला लावला. डोक्यावर केस नव्हते, डोळे तेवढे मोठे झाले होते. माळ्याने काचेवर तळवा टेकवला, तशी ती न्याहाळून म्हणाली, “बाबा, हे हात कुणाचे?”

“उसने आणलेत.”

“परत करा. कारकुनाचे वाटतात.”

ती हसली. हसता हसता खोकला आला. खोकला थांबेपर्यंत माळ्याने श्वास घेतला नाही.

“औषध अजून कितीतरी महिने घ्यायचंय म्हणे,” ती दमून म्हणाली. “तोवर तुम्ही काय करणार?”

“तुझे झगे धुणार. आणखी काय!”

बाहेर येऊन तो रोजच्या औषधांच्या दुकानात थांबला. काउंटरच्या कडेला एक कुंडी होती. पानं मलूल, मान टाकलेली. माळ्याचं बोट सवयीने मातीकडे निघालं आणि वीतभर अंतरावर थांबलं. त्याने हात खिशात घातला.

“अहो, जरा बोट घालून बघा, ओल आहे का.”

“तुम्हीच माळी ना? बघा की!” दुकानदार हसला.

“माझ्या बोटांना सुट्टी आहे सध्या.”

दुकानदाराने त्याच्याकडे पाहिलं, मग मातीत बोट खुपसलं. “ठणठणीत कोरडी.”

“मग घाला घोटभर. एकदम नको, मुरू द्या.”

दुकानदाराने पाण्याची बाटली तिरकी केली. दोन्ही हात खिशात घट्ट धरून, पाणी पुरतं मुरेपर्यंत माळी तिथेच उभा राहिला.