देव्हाऱ्यातलं ऊन

"मास्तर, देवीच्या घटातलं धान पिवळं का असतंय? शेतातलं तर हिरवंगार असतं!"

विचारून दाखव, नाहीतर जन्मभर भागूबाई म्हणू, अशी बाकावरच्या मैत्रिणींनी, सारजानं आणि रतननं, पैज लावली होती. म्हणून नववीतली छबू उठली आणि विचारून बसली. पोरं खो खो हसली. त्या काळी बारामतीच्या शाळेत मुली तोंड उघडत त्या फक्त हजेरीला.

कुंटे मास्तर मघापासून 'पान उन्हात अन्न तयार करते' हे वाक्य घोकून घेत होते आणि वर्ग जांभया देत होता. त्यांनी खडू खाली ठेवला.

"तूच सांग, का असेल?"

"आई म्हणती, देवीला पिवळं आवडतं."

"आणि तुला काय वाटतं?"

असं तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. घरी तर नाहीच. मळ्यात वांगी तोडायला माणूस नव्हतं, म्हणून दसऱ्यानंतर तिची शाळा बंद, असं तिच्या वडिलांनी, आबांनी, परस्पर ठरवून टाकलं होतं.

"अंधारात असतं म्हणून?" ती चाचरत म्हणाली.

"मग बघ की! परवा घट बसतायत."

सांगवीला छबूच्या घरी घट बसले. बसलेला घट दसऱ्यापर्यंत जागचा हलवायचा नसतो. छबूनं तो हलवला नाहीच; देव्हाऱ्याजवळच्या झरोक्यावरचं पोतं तेवढं काढलं. रोज सकाळी उन्हाचा एक पट्टा घटाच्या निम्म्या अंगावर येऊन बसू लागला. शाळेत मास्तर विचारत, "काय म्हणतोय घट?" आणि जांभया देणारी पोरंही कान टवकारत. पुढं कितीतरी वर्षं नवरात्र आलं की छबूला तो वर्ग आठवायचा.

पाचव्या माळेला छबूची आई धोंडाबाई घटाला पाणी घालायला वाकली. "अगं बया! निम्मं धान हिरवं! छबे, घटाला हात लावलास?"

"न्हाय गं आई. ऊन लागलं तेवढंच हिरवं झालं. हिरवं पान उन्हात आपलं जेवण आपुन रांधतं. अंधारातलं बियातल्या शिदोरीवर जगतं, म्हणून लांबडं नि फिकं."

"देवी कोपली म्हंजी?"

आबाजींनी झरोक्याकडं पाहिलं. पोतं मात्र त्यांनी परत लावलं नाही.

दसऱ्याला रिवाजाप्रमाणं त्यांनी फेट्यात धान खोचलं, थोडं पिवळं, थोडं हिरवं. सोनं द्यायला आलेला शेजारचा सोनबा फिदीफिदी हसला. "आबाजी, औंदा देवीलाबी कालव्याचं पानी पाजलं व्हय?"

छबू कानात प्राण आणून ऐकू लागली.

"पोरीनं देव्हाऱ्यात ऊन सोडलं, सोनबा," आबाजी फेटा सारखा करत म्हणाले. "साळंत शिकलीया."

सोनबा गेला. छबू आई-आबांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. 

"आबा, आई, ऐका. वांगी मी तांबडं फुटायला तोडीन, पाट्या बी भरून ठिवीन. पन परवा साळा उघडली की सकाळच्या गाडीनं मी बारामतीला जानार हाय. साळा मी सोडनार न्हाय."