जिनेवाल्यांचा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. पण जुन्या वस्तूंना लाभते तशी शांत झोप काही माझ्या वाट्याला आली नाही. बटण दाबले की माझा पंखा आजही फिरतो, दिवा लागतो, आत सगळे जागे होते. फक्त मध्यंतरी पडद्यावर काही उमटत नव्हते. सांगायचे खूप आहे आणि तोंड बांधलेले आहे, अशी ती तगमग पाच महिने चालली होती.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. जिनेवाल्यांनी जेवणाच्या टेबलावर एकेक भाग जोडून मला उभे केले. ते लोकांच्या घरांचे जिने आखून देत, म्हणून सगळे त्यांना जिनेवाले म्हणत. अकरा वर्षे त्यांनी माझ्यावर जिने काढले. गोल, सरळ, अरुंद जागेत कसेबसे बसणारे. ते पडद्यावर चहूबाजूंनी फिरवून दाखवायचे काम माझ्या ग्राफिक्स कार्डाचे. गिऱ्हाईक खूश झाले की जिनेवाले माझ्या डोक्यावर हलकी थाप मारत.

"गावभर जिने, आणि आपल्या जिन्याला कठडा नाही," त्यांची बायको म्हणायची. "मी पडले म्हणजे काढाल."

मग ती खरेच तिसऱ्या पायरीवरून घसरली. त्यानंतर त्यांनी घरचा कठडा आखायला घेतला. आखणी पुरी झाली त्याच दिवशी माझ्या कार्डाने मान टाकली. आधी पट्टे आले, मग काळोख. "दवाखान्यातून आलो की बघतो तुझ्याकडे," ते मला म्हणाले. ते आले नाहीत.

पाच महिन्यांनी त्यांच्या लेकीने मला टेबलावर घेतले.

"नवा घेऊ की," तिचा दादा म्हणाला.

"कठड्याची आखणी यातच असेल, आणि बाबांचा जुना प्रोग्राम नव्यात चालत नाही. दुकानात विचारून आलेय."

"मग सुतार घेईल मापं."

"सुतार जिन्याचं माप घेईल, दादा. आईचं कोण घेणार?"

तो म्हणाला, "सहापर्यंत बघ. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय."

माझे पोट लहान आणि वीजही बेताची, म्हणून तिने मला झेपेल असे आखूड, वापरलेले कार्ड आणले होते. तिने ब्रशने आतली धूळ काढली, ओल्या फडक्याने माझी पाठ पुसली. पाठीवर वरच्या बाजूला एक मळकट चिकटपट्टी होती. ती फडक्याबरोबर निघाली. मला कळले, तिला नाही.

मग जुने कार्ड निघाले, नवे खट्कन बसले. आता पडद्याची वायर लावायची. त्यासाठी माझ्या पाठीवर दोन जागा आहेत. खालची कार्डाची. वरची मदरबोर्डची, पण माझा प्रोसेसर स्वतः चित्र काढू शकत नाही, त्यामुळे ती नुसती दाराची चौकट आहे, मागे खोलीच नाही. लेकीने वायर वर लावली.

काळोख.

तिने कार्ड काढले, पुसले, पुन्हा बसवले. तीनदा. उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. माझा पंखा घरघरत होता. खाली लाव, बाई, खाली, एवढेच मला म्हणायचे होते. पाच वाजून गेले. दादा दारात येऊन उभा राहिला आणि घड्याळाकडे बघू लागला.

तेवढ्यात आई भिंतीला हात लावत जिना उतरून आली.

"तुझ्या बाहीला काय चिकटलंय?"

लेकीने ती पट्टी सोडवली. वर फिकट शाईत लिहिले होते: 'इथे वायर लावू नये. एक रविवार फुकट गेला.'

"हे तर यांचं अक्षर," आई म्हणाली. "आठवतो मला तो रविवार. जेवायलासुद्धा उठले नाहीत. आणि कळल्यावर काय फुगले होते."

लेक हसली. बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखी, मध्येच थांबून. तिने वायर खाली लावली.

माझे तोंड सुटले. तिने बाबांची शेवटची आखणी उघडली. कठडा पडद्यावर आला, सावकाश फिरला. बाजूला लिहिलेले होते: 'उंची हिच्या कोपराएवढी, इतरांनी वाकावे. तिसऱ्या पायरीपाशी पकड जाड.'

आईने पडद्यावर हात ठेवला.

"काढला होता म्हणजे," ती म्हणाली.

दादा फोन घेऊन बाहेर गेला. भंगारवाल्याला येऊ नका म्हणाला, आणि सुताराला उद्या या.

मित्रांनो, मीही आज ना उद्या कायमचा बंद पडेन, त्याची तक्रार नाही. जुन्या वस्तू उघडा, पुसा, दुरुस्त करा. फक्त फडके फिरवण्याआधी त्यांची पाठ एकदा वाचून घ्या. तुमचा रविवार वाचावा म्हणून कोणीतरी तिथे काही लिहून ठेवलेले असते.

ती पट्टी आता पुन्हा माझ्या पाठीवर आहे. डिंक आता नीट धरत नव्हता, म्हणून लेकीने तिच्यावर दुसरी पट्टी लावली.