घड्याळाशेजारचा काळा डोळा

मी सुकेशनीच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर बोलतोय. जाड काचेचा, मागे ढेरी सुटलेला. कारंजाच्या नरेंद्रने मला चहाडखोर बनवलं. त्याचा मी सूड घेतला आणि त्याचं मला तिळभरही वाईट वाटत नाही.

आधी मी नरेंद्रच्याच फ्लेक्सच्या दुकानात होतो. माणूस हुशार, पण हाताने वाईट. जरा अडखळलो की डोक्यात टपली. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि त्याचे शिंतोडे माझ्या कीबोर्डवर. नवी मशीनं आली तसं त्याने मला मानोऱ्याच्या सुकेशनीला विकलं. ती तेव्हा बॅनरच्या डिझाइनचं दुकान टाकत होती.

मला बसवायला तो स्वतः आला. "बिगडला त मी कारंजातूनच पाहून देतो, ताई. तुमी कायले चिंता करता?" असं म्हणून माझ्या पोटात एक सॉफ्टवेअर टाकून गेला. त्यातून त्याला घरबसल्या माझा पडदा दिसायचा, माझा माऊसही हलवता यायचा. नव्या मशीनवर असल्या सॉफ्टवेअरची खूण आत दडवता येते. माझ्यासारख्या म्हाताऱ्याला लपवाछपवी जमत नाही. खालच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, पांढऱ्या डोळ्यासारखी खूण उघडीच राहते आणि कोणी आत शिरलं की काळी होते. नरेंद्रला हे ठाऊक होतं. म्हणून त्याने काचेच्या नेमक्या त्या कोपऱ्यावर आपला स्टिकर चिकटवला: दुरुस्तीसाठी फोन करा. आता दुरुस्तीवाल्याचा नंबर कोणी काढून टाकतं का?

सुकेशनी मला मऊ फडक्याने पुसायची आणि मी तिची डिझाइनं चोराच्या हाती देत होतो. कबड्डी स्पर्धेचं बॅनर तिने केलं, तर नरेंद्रने तेच तिच्याआधी समितीला दाखवलं. समितीचे पंजाबराव दुकानात येऊन गरजले, "काहून वं सुकेशनी, नरेंद्रची नक्कल करतं? पुन्हा असं झालं त तुले कोनी काम देनार नाही."

ती रडली नाही. नुसती माझ्याकडे बघत बसली. ती नजर मला सोसवेना.

माझ्याकडे हत्यार एकच, उष्णता. वैशाख, वर टिनाचं छप्पर, त्यात मी काच तापवत राहिलो. नरेंद्रची एकेक टपली आठवायची आणि अजून तापायचं. शेवटी स्टिकरचा गोंद सुटला. स्टिकर गळून तिच्या पुढ्यात पडला.

त्याच दुपारी तिच्यासमोर खूण काळी झाली. तिने माऊसवरचा हात उचलला, तरी पडद्यावरचा बाण आपला चालतोच आहे.

"अवं माय! हात त वर हाये माया. मंग हे कोन करून राह्यलं?"

बाण थांबल्यावर तिने तो त्या खुणेवर नेला. मी आनंदाने नाव दाखवलं: नरेंद्र फ्लेक्स, कारंजा.

सॉफ्टवेअर तिने लगेच काढलं नाही. ती गालात हसली. अंतिम सामन्याच्या बॅनरसाठी समितीने दोन्ही दुकानांना शुभेच्छुकांचे तेच फोटो दिले होते. त्या रांगेत जो तो फक्त स्वतःचं तोंड शोधतो, शेजाऱ्याकडे ढुंकून बघत नाही. सुकेशनीने मोबाइलवर माझा फोटो काढला आणि पंजाबरावांच्या शेजारी बसवला. खाली लिहिलं: सुकेशनीचा कॉम्प्युटर, मानोरा.

नरेंद्रने ते उचललं, घाईत छापलं आणि कारंजाच्या मैदानावर टांगलं.

दुसऱ्या दिवशी पंजाबराव आले ते पोट धरूनच. "पोरी, सारं मैदान हासून राह्यलं! तो म्हने डिझाइन माया. मी म्हटलं, मंग माया बाजूले हा मानोऱ्याचा पाव्हना कोन बसवला बे?" मग आवाज खाली आला. "मी तुले वाईट बोललो. आता समितीचं सारं काम तूच कर."

ते सॉफ्टवेअर तिने काढून टाकलं. त्या फ्लेक्सचा माझ्या फोटोचा तुकडा मात्र आणला. रोज दुकान बंद करताना तोच माझ्यावर पांघरते. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी म्हातारा असेल, तर त्याच्या घड्याळाशेजारी अधूनमधून बघत जा. तो सांगत असतो, तुम्हीच बघत नाही.

परवा नरेंद्रचा फोन आला. लोक अजून त्याच्या दुकानासमोर थांबून हसतात म्हणे. "ताई, तो जुना खटारा वापस द्या, नजरेआड झाला त लोक इसरतीन. बदल्यात नवा कोरा देतो."

सुकेशनीने माझ्या काचेवरून फडकं फिरवलं.

"नाही देत. शुभेच्छुक हाये तो माया."