पाचवं का

उन्मेषने गुलाबी चिठ्ठी भिंतीवर दाबून बसवली आणि सीमा परबांनी मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली. चिठ्ठी त्यांच्या, म्हणजे रक्त घेण्याच्या कामावर लागली होती.

परळच्या त्या ट्रस्टच्या लॅबमध्ये रक्त तपासायला येणाऱ्या माणसाचा दारापासून रिपोर्टपर्यंतचा सगळा प्रवास भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्यांनी मांडला होता. गुलाबी चिठ्ठी म्हणजे ती पायरी वेळ खाते, नव्या सिस्टिममध्ये तिला जागा नाही. नोंदणीच्या रुपालीवर अशी चिठ्ठी मंगळवारी लागली. गुरुवारी तिची बदली झाली. सीमाताई तेव्हापासून नीट झोपल्या नव्हत्या. लालबागच्या घरात त्यांच्या एकटीचाच पगार येत होता.

"घाबरू नका, सीमाताई," उन्मेष म्हणाला. कामातला वेळ वाचवायला ट्रस्टने बाहेरून बोलावलेला सल्लागार; तिशीचा, बोलायला मऊ. आठवडाभर घड्याळ घेऊन तो त्यांच्या मागे उभा राहिला होता. "आम्ही माणसाची चूक शोधत नाही. फक्त पाच वेळा 'का' विचारतो. पाचव्याला खरं कारण हाती लागतं."

टेबलाच्या पलीकडे लॅबचे प्रमुख दीपक केळुसकर चष्मा पुसत बसले होते. निवृत्तीला वर्ष राहिलेलं. खोलीत हे तिघंच.

"एका माणसामागे तुम्हाला चार मिनिटं लागतात. का?"

"मी बाटलीवरचं नाव तीनदा वाचते. मोठ्यानं. मग वडिलांचं नाव विचारून वहीत लिहिते."

"बारकोड आहे ना आता. मग का?"

"माझी खात्री होत नाही."

"का होत नाही?"

सीमाताईंची बोटं पर्सच्या चेनशी चाळा करू लागली. पुढे सरळ खोटं सांगता आलं असतं. सवय म्हणून, एवढंच. पण चौदा वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

"एकदा अदलाबदल झाली होती," त्या म्हणाल्या.

उन्मेषचं पेन थांबलं. "का झाली?"

"गणपत नावाची दोन माणसं लागोपाठ आली. एक भायखळ्याचे, एक कॉटन ग्रीनचे. तेव्हा नावं हातानं लिहायचो. मी एकाच्या नावाची पट्टी दुसऱ्याच्या बाटलीला लावली. आठवड्यानं भायखळ्याचे गणपत भांडायला आले. म्हणाले, बाहेर तपासलं तर साखर अजिबात नाही, आणि तुम्ही तीनशेच्या वर दाखवलीत. मी मशीन बिघडलं होतं म्हणून सांगितलं आणि परत रक्त घेतलं."

"आणि दुसरे?"

"त्यांना आपण साखर नाही म्हणून घरी पाठवलं होतं." आवाज अगदी खाली गेला. "मी त्यांना कळवलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. ते परत आले नाहीत."

पाचवं 'का' उन्मेषने विचारलं नाही. सीमाताईंना वाटलं, आता फोन होईल, वरून कुणीतरी येईल, सही मागतील.

उन्मेषने लॅपटॉप पुढे ओढला. "जुने रिपोर्ट गेल्या महिन्यात सिस्टिममध्ये चढवलेत. त्या रिपोर्टचा नंबर असता तर कळलं असतं."

नको, असं त्या म्हणणार होत्या. तोंडातून नंबरच निघाला. सहाही आकडे, न अडखळता.

दीपक सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला.

"ताई, हे बघा." उन्मेषने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. बघायला त्यांना वेळ लागला. गणपत तांडेल, कॉटन ग्रीन. पहिला रिपोर्ट नॉर्मल. त्याखाली, आठ दिवसांनी, दुसरी नोंद: साखर तीनशे बारा. नमुना घरी जाऊन घेतला. सही, दी. केळुसकर.

सीमाताईंनी सही पुन्हा वाचली. मग तिसऱ्यांदा.

"सर, तुम्ही गेला होतात?"

"भायखळ्यावाल्यांचा दुसरा रिपोर्ट माझ्याच हातून गेला," दीपक सर टेबलाकडे बघत म्हणाले. "आकडा पाहिला आणि पहिल्या तपासणीच्या दिवशीची यादी काढली, तर गणपत दोन. दुपारी कॉटन ग्रीनला गेलो."

"ते बरे आहेत?"

"गोळ्या चालू झाल्या. दर तीन महिन्यांनी येत होते. मी त्यांना दुपारनंतर बोलवायचो, तुमची पाळी संपल्यावर. तीन वर्षांपूर्वी मुलीकडे राहायला गेले, गावी. तोपर्यंत ठीक होते."

सीमाताईंनी तोंडाला पदर लावला. रडू आलं नाही. चौदा वर्षं रोज सकाळी रक्त घेण्याची खिडकी उघडताना जी भीती सोबत असायची, ती आत्ताही तिथंच होती. फक्त तिचं काय करायचं ते आता कळत नव्हतं.

"मला एका शब्दानं बोलला असतात, सर."

दीपक सरांनी चष्मा परत पुसायला घेतला.

उन्मेषने कोरा कागद घेतला. त्याचाही आवाज आता तितकासा मऊ राहिला नव्हता. "सर, तुम्ही का सांगितलं नाहीत?"

दीपक सर उठले. दार किंचित उघडं होतं; बाहेर मॅनेजर कुणाशी तरी बोलत होते. सरांनी ते हळूच लोटून कडी घातली. परत फिरताना त्यांचा हात भिंत चाचपडत होता आणि दोन पिवळ्या चिठ्ठ्या खाली पडल्या, त्या त्यांना दिसल्या नाहीत. सरांची नजर किती गेली आहे ते सीमाताईंना आत्ता कळलं, आणि आपलं मोठ्यानं वाचणं त्यांना का हवं होतं तेही.

सीमाताईंनी पर्स जमिनीवर ठेवली आणि शेजारची खुर्ची त्यांच्यासाठी ओढली.

"बसा," त्या म्हणाल्या. "सांगा सावकाश."