नवरा लागतो म्हणून

शिलाईवाली पहिल्यांदा वकीलबाईंच्या ऑफिसात आली तेव्हा तिला खुर्चीला पाठ टेकवता येत नव्हती. नको म्हणाली म्हणून नवऱ्याने तापलेली इस्त्री पाठीवर दाबून धरली होती, आणि मग त्याला हवं ते त्याने केलंच. पुढे खालच्या कोर्टाने भाजल्याबद्दल त्याला चार महिने आत टाकलं. जबरदस्तीचं मात्र नवराबायकोचं खासगी म्हणून सोडून दिलं. लग्न झालं की बायकोचा होकार धरलेलाच, असा कायदा होता.

वकीलबाई वरच्या कोर्टात त्या कायद्यालाच भिडल्या. बाररूममधले सहकारी म्हणायचे, बाईंच्या नवऱ्याची आता धडगत नाही. बाई कानाडोळा करायच्या. कोणीतरी दगड मारून बाईंच्या घराच्या काचा फोडल्या तेव्हा आईने केस सोड म्हणून हात जोडले. बाईंनी काचा गोळा केल्या आणि कामाला लागल्या.

शेवटच्या सुनावणीच्या सकाळी कोर्टाच्या जिन्यावर शिलाईवालीच्या दिराने त्यांना गाठलं. केस धरून त्याने त्यांचं तोंड कठड्यावर आपटलं, पडल्यावर लाथ घातली. रक्ताबरोबर दात बाहेर आले. शिलाईवाली मागेच होती. आजवर नुसता मार खाल्लेल्या त्या बाईने दिराच्या मनगटाचा असा लचका तोडला की पोलिसांना तिला ओढून काढावं लागलं.

डॉक्टरांनी ओठाला टाके घातले, बोलू नका म्हणून बजावलं. सहकारी म्हणाले, तारीख घ्या. बाईंना ते पटेना. पुढच्या तारखेपर्यंत शिलाईवाली जिवंत राहील, याची हमी कोण देणार?

न्यायाधीशांनी विचारलं, "बोलवेल तुम्हाला?"

बाई उठल्या. टाक्यांतून रक्त हनुवटीवर ओघळत होतं.

"मला मारणारा तासाभरात कोठडीत गेला, कारण तो माझा कोणी लागत नाही. हिच्यावर जबरदस्ती करणारा मोकळा आहे, कारण तो हिचा नवरा लागतो. एवढाच फरक आहे, साहेब."

निकालाला महिना लागला. लग्नामुळे बायकोचं शरीर नवऱ्याच्या मालकीचं होत नाही, असं कोर्टाने म्हटलं आणि शिलाईवालीच्या नवऱ्यावर बलात्काराचा खटला चालवायला सांगितलं. ते ऐकताच नवरा बाक ओलांडून बायकोच्या अंगावर धावला. पोलिसांनी त्याला फरशीवर पालथं पाडलं, तरी ती माझी आहे म्हणून तो ओरडतच होता. शिलाईवाली जागची हलली नाही.

त्या खटल्यात नवऱ्याला शिक्षा सुनावली त्या दिवशी ती कामावर होती. वकीलबाईंनी फोन करून सांगितलं. पलीकडची शिलाई मशीन थांबली. मग शिलाईवाली रडायला लागली.