झाकण पुसल्याशिवाय

“हात लावू नका झाकनले!” कौतिकनाना काठावरून खेकसले. पेटी ओढून आणणारे दोघे दचकून मागे सरले.

पूर आला की औषधं भरून विमानातून टाकायच्या या पेट्या जळगावच्या एका कारखान्यात बनत. आज एक पॅराशूटने यावलकडच्या तलावात टाकून बाहेर काढली होती. आत पाणी शिरलं का, हे पाहणं नानांचं काम. उभा जन्म त्यातच गेला. आधी पेटी बाहेरून कोरडी करायची, मगच उघडायची. नाहीतर झाकणावरचं पाणी आत ठिबकतं आणि चांगली पेटी उगाच बदनाम होते. एवढं ज्याला कळत नाही, त्याला नाना माणसात धरत नसत. कारखान्यात असे पुष्कळ होते.

खांद्यावरच्या टॉवेलने त्यांनी सांधा न् सांधा पुसला. पेटी उघडली. पाणी शिरलं तर कळावं म्हणून आत ठेवलेल्या कागदाचा लगदा झाला होता.

मॅनेजर हितेंद्र सावलीत तपासणी अधिकाऱ्यांना शहाळं पाजत होता. पाण्याजवळ तो फोटोपुरताच यायचा. आता मात्र धावत आला.

“नाना, पेटी नापास झाली तर ऑर्डर गेली. झाकण पुसायचं राहिलं म्हणा. चाचणी रद्द होईल, पेटीवर डाग नाही.”

“आनि मन्हावर?”

“वयामुळे होतं हो! पुढच्या महिन्यात तुमचं कंत्राट संपतंय. ते मीच वाढवणार ना?”

घरी बायकोचं, सुगंधाबाईंचं औषधपाणी याच पगारावर चालत होतं. तरीही नानांना त्या गुळगुळीत तोंडाची किळस आली. पुरातल्या माणसाच्या हातात भिजलेल्या गोळ्या पडल्या तरी याला काय त्याचं!

अधिकारी आले. त्यांना जेवायची घाई होती.

“झाकण पुसायचं राहिलं म्हणे?” त्यांनी उत्तरासकटच विचारलं.

नानांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि त्यांच्यासमोर पिळला. पाण्याची धार लागली. अधिकाऱ्यांनी चकचकीत बूट तेवढे मागे घेतले.

“हाई पेटी गळस, साहेब.”

“नानांना हल्ली आठवत नाही,” हितेंद्र हसला. अधिकारीही हसले. चाचणी रद्द झाली. दुसरी पेटी आणायला सांगितलं, आणि उघडायला दुसरा माणूस.

नाना डबा उचलून यावलच्या बसकडे निघाले. मागे दुसरी पेटी काठावर आली. कुणीतरी तिचं निथळतं झाकण तसंच उघडलं.

नानांनी तो खटका ऐकला. तोंडापर्यंत आलेली हाक गिळून, ओला टॉवेल खांद्यावर टाकून ते चालत राहिले.