चित्र परत आलं त्या रविवारी

भूकंपात चर्चचं छत कोसळलं आणि मोंतेसोल्व्हो गावाचं चित्र दुरुस्तीसाठी शहरात गेलं. दोरियाना सून होऊन गावात आली ती त्यानंतर. मरिया आणि तिची वयस्क नातलग एलिझाबेथ, दोघीही गरोदर, एकमेकींना भेटताहेत, असं ते पाचशे वर्षांपूर्वीचं चित्र. बेकरीच्या कॅलेंडरवर दोरियानाने ते रोज पाहिलं होतं. पण गावातल्या बायका बाळंतपणाआधी ज्याच्यासमोर उभ्या राहायच्या ते खरं चित्र तिने कधी पाहिलं नव्हतं. आणि ते परत आलं नेमकं तिचे दिवस भरत आले तेव्हा.

चित्र बघायला जायला सासूबाई एर्सिलिया आदल्या दिवसापासून विरोध करत होत्या. गर्दीत कुणाचं कोपर लागलं तर काय, असं त्यांचं म्हणणं. नवरा तुलिओ दोघींच्या मधे सापडला होता. दोरियाना मात्र सकाळीच निळा झगा घालून दारात उभी राहिली. नाइलाजाने एर्सिलियाही निघाल्या, काखेत घडीची खुर्ची घेऊन.

चौकात बँड वाजत होता. रांग पार कारंज्यापर्यंत गेली होती. चर्चच्या पायरीवर पाय ठेवला आणि दोरियानाच्या कमरेतून कळ निघाली. तिने दगडी खांब धरला. दुसरी कळ आली तेव्हा मात्र एर्सिलियांच्या लक्षात आलं.

"तुलिओ, गाडी काढ," त्या म्हणाल्या. "चल गं, परत फीर."

"आई, इथवर आलेय. बघितल्याशिवाय मी हलणार नाही."

"अगं, बाळ काय तुझ्या बघण्यासाठी थांबणारेय?"

"थांबेल. तुमचाच नातू आहे, हट्टी असणार."

 एर्सिलियांनी खुर्ची तुलिओच्या हातात कोंबली, सुनेचा दंड धरला आणि मासळीबाजारात लावावा तसा आवाज लावला, "सरका बाजूला, पोरीला कळा आल्यात." रांग दुभंगली. बँडवाल्यानेही टोपी काढून वाट दिली.

आणि दोरियाना चित्रासमोर आली. कॅलेंडरवर जो निळा रंग विटका दिसायचा तो इथे ओल्यासारखा चमकत होता. मरियाने एक हात पाठीला लावला होता, कंबर दुखते तेव्हा लावतात तसा. एलिझाबेथच्या डोळ्यांत हसू होतं. दोरियानाच्या छातीत इतकं धडधडलं की तिसरी कळ कधी येऊन गेली ते तिला नीट कळलंही नाही. ती मोठ्याने हसली. तिचाही हात आपोआप पाठीवर गेला होता.

"बघितलंस?" एर्सिलियांनी विचारलं.

"बघितलं. आता चला, पळा."

दवाखान्याच्या वाटेवर तुलिओने दोन वळणं चुकवली आणि आईच्या शिव्या खाल्ल्या. दुपारी मुलगी झाली, काळ्याभोर केसांची, भसाड्या आवाजाची. नातू नाही म्हणून एर्सिलियांनी तोंड वाकडं केलं नाही. उलट भेटायला येईल त्याला त्या चित्रातला निळा रंग कसा चमकतो ते रंगवून सांगत बसल्या. संध्याकाळी दोरियानाने विचारलं, दुरुस्तीनंतर एलिझाबेथचा चेहरा कसा वाटला.

"कुणाला ठाऊक," एर्सिलिया नातीचं दुपटं सारखं करत म्हणाल्या. "मी तुझ्याकडेच बघत होते. चित्राला पुढच्या रविवारी जाईन."